पदकाच्या कडेला लिहिलेलं नाव

एरवी मी तुमच्याशी हप्ते, बँकेचे कागद, आमसुलं-लोणच्यांची विक्री याबद्दल बोलते. आज जरा वेगळा विषय आहे. आज आपण सैन्यातल्या पदकांबद्दल आणि बिल्ल्यांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा तर पुरुषांचा विषय, आपला काय संबंध? माझंही आधी तसंच मत होतं. ते कसं बदललं, तिथूनच सुरुवात करते.

गेल्या पावसाळ्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, वह्या भरून झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका मावशीने पदराची गाठ सोडली आणि एक जाड, काळवंडलेलं नाणं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "बाय, ह्याची चांदी किती व्हईल गो?"

नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला सहा हजार रुपये कमी पडत होते. घरात विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. हे नाणं सासूच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत सापडलं होतं. सोनाराकडे न्यायच्या आधी मला विचारावं, एवढंच तिच्या मनात होतं.

नाण्याच्या एका बाजूला इंग्रज राजाचं डोकं होतं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. "खंडोबा हाय का ह्यो?" एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. वर पट्टी अडकवायची दांडी होती. म्हणजे हे नाणं नव्हतं, पदक होतं. मी ते उभं धरून फिरवलं, तर कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. गटातल्या एका मुलीने मोबाईलचा कॅमेरा लावून ती मोठी केली. आधी एक नंबर. मग 'सिपॉय', म्हणजे शिपाई. मग एक नाव. आणि शेवटी, ११० मराठा लाईट इन्फन्ट्री.

मी ते नाव मोठ्याने वाचलं. मावशीने पदर तोंडाला लावला. ते तिच्या आजेसासऱ्यांचं नाव होतं. "बसऱ्याच्या लढाईत ग्येले ते. परत नाय आले," एवढंच तिला ठाऊक होतं.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

ते पदक पहिल्या महायुद्धाचं होतं. १९१४ ते १९१८ ही त्या युद्धाची वर्षं. आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. हिंदुस्थानातून तेरा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, त्यातली चौऱ्याहत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. युद्ध संपल्यावर प्रत्येकाला पदकं मिळाली. जे मेले, त्यांची पदकं घरी पाठवली गेली.

ही पदकं साधारण तीन प्रकारची. पहिलं चांदीचं, घोडेस्वार असलेलं, मावशीकडे होतं तेच. दुसरं काशाचं, पिवळसर, त्यावर पंख असलेली एक बाई उभी आहे. ती विजयाची देवता. तिसरी काशाचीच चांदणी. जे १९१४ किंवा १९१५ मध्येच लढाईवर गेले, त्यांना ती मिळाली.

हे मी मावशीला सांगितलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "पंखवाली बाय होती गो! पितळेची म्हणून सासूबायनी मोडीत घातली. त्याचा तांब्या आला." तिच्या घरात ते पदक होतं, हे त्या एका वाक्यातून कळलं. तो तांब्या अजून तिच्या घरात आहे. त्यात रोज पाणी भरतात.

आता हे बसऱ्याचं काय प्रकरण? आपल्या कोकणात जुनी माणसं 'बसऱ्याला गेला' असं म्हणत. बसरा हे आजच्या इराक देशातलं बंदर. तिथून इंग्रजांची फौज टायग्रिस नदीच्या काठाने वर बगदादकडे निघाली. या फौजेत ज्याला पुणे डिव्हिजन म्हणत, ती तुकडी होती. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. त्या काळी या पलटणींत रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे या भागातली शेतकऱ्यांची पोरं भरती होत. भातशेती चार महिन्यांची, उरलेलं वर्ष मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, असं आपल्याकडचं गणित होतं.

बगदादच्या अलीकडे फौज अडली आणि मागे फिरून कूत नावाच्या गावात थांबली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्या गावाला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. विचार करा, जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. धर्माच्या विचाराने आपल्यातल्या अनेक शिपायांना ते मांस खाववेना, ते नुसत्या मूठभर पिठावर राहिले. रोगराई आली. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यातली बहुतेक हिंदी. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. कित्येक वाटेतच पडले.

मावशीचे आजेसासरे वेढ्यात गेले, की वाटेत, ते घरात कुणाला माहीत नाही. घरी राहिलेली बायको तेव्हा विशी-बाविशीची असावी, पदरात दोन वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे मावशीचे सासरे.

११० नंबरची ही पलटण पुढेही राहिली. १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली आणि तिचं नाव पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन असं झालं. याच बटालियनमध्ये दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे नावाचा एक तरुण नाईक होता. तो आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातला, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. बरोबरचे सगळे पडले. तो एकटा धावत गेला आणि ती मशीनगन बंद पाडली. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो तिथेच गेला. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजांच्या काळात शौर्यासाठी याहून मोठं पदक नव्हतं. मुंबई-गोवा हायवेने जाताना माणगावला थांबलात, तर तहसील कचेरीसमोर त्याचा पुतळा बघा. आपण तिथे चहाला थांबतो आणि निघून जातो.

पलटण तीच, पण यशवंत घाडगेंचा पुतळा झाला आणि मावशीच्या आजेसासऱ्यांचं नाव फक्त त्या पदकाच्या कडेला राहिलं. असे हजारो आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या गावात चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या बाजूला एक लहानसा संगमरवरी दगड आहे का, बघा. कोकणात आणि साताऱ्याकडे अशा पाट्या कितीतरी गावांत आहेत. त्यावर साधारण असा मजकूर असतो, की या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. त्या एका गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली.

पण या पाट्या नीट बघितल्या तर एक गोष्ट लक्षात येते. तिथे आकडा आहे, नावं नाहीत.

बसऱ्यालाही तसंच. ज्यांच्या समाधीचा पत्ता लागला नाही, अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांचं तिथे एक मोठं स्मारक आहे. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे लिहिले. ही स्मारकं सांभाळणारी जी संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, तिने स्वतः चौकशी करून २०२१ मध्ये याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी.

म्हणून मी म्हणते, त्या पदकाची कडा लहान समजू नका. बसऱ्याच्या दगडावर नाव नाही, गावच्या दगडावर नाव नाही. पण सरकारने पदक पाडताना प्रत्येकाच्या पदकावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकली होती. त्या माणसाचं नाव धातूवर लिहिलेली बहुधा ती एकच जागा. सोनाराच्या मुशीत पदक गेलं, की पहिल्यांदा ते नाव जातं.

नाव कुठे लिहिलं जातं आणि कुठून पुसलं जातं, याची दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांची तिथे छावणी होती आणि पेन्शन घेतलेले शिपाई तिथे येऊन राहत. त्यात महार समाजातले पुष्कळ होते. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, पेन्शनीनंतर कुटुंबासह दापोलीला राहिले. ते सैन्यातल्या शाळेत शिक्षक होते. त्या काळी पलटणीत शिपायांच्या मुलांसाठी शाळा असे आणि मुलींनाही तिथे शिकवत. गावात ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत, त्यांच्या लेकी छावणीत लिहायला-वाचायला शिकत होत्या. हे आपण बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

पुढे इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा दापोलीला राहणारे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं आणि आता दार का बंद करता, असा त्याचा रोख होता. पुरावा कुठे होता? पुण्याजवळ कोरेगाव भीमाच्या दगडी खांबावर. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांची नावं खांबावर कोरलेली आहेत. त्यातली बावीस नावं 'नाक' या शेवटाची आहेत. अशी नावं तेव्हा महार समाजात असत. दगडावर नाव होतं, म्हणून शंभर वर्षांनीही कुणाला नाही म्हणता आलं नाही.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीवरच्या तिच्या पहिल्या बिल्ल्यावर काय होतं माहीत आहे? तोच कोरेगावचा खांब. पुढे बिल्ला बदलला. आज त्यावर एकमेकांवर ठेवलेल्या दोन मशीनगन आणि खंजीर दिसतो. बिल्ला म्हणजे नुसती शोभा नव्हे. आम्ही कोण, कुठून आलो, हे पलटण त्यातून सांगते. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. लाईट इन्फन्ट्री म्हणजे हलकी, चपळ पायदळ पलटण, तिची ती खूण. जुन्या पेटीत पितळेचा बिगुल सापडला तर तो खेळण्यातला म्हणून पोरांच्या हाती देऊ नका.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. देश स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांची पदकं गेली आणि आपली आली. त्यातलं सगळ्यात मोठं परमवीर चक्र. युद्धातल्या असामान्य शौर्यासाठी ते देतात. आजवर फक्त एकवीस जणांना मिळालंय, त्यातल्या चौदा जणांना मरणानंतर. या पदकाचं चित्र कुणी काढलं? एका बाईने. मराठी घरात आलेल्या सुनेने.

तिचं माहेरचं नाव इव्ह. जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधला. वडील हंगेरीचे, आई रशियाची. विक्रम खानोलकर नावाच्या सैन्यातल्या मराठी अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली आणि १९३२ मध्ये ती हिंदुस्थानात येऊन त्यांच्याशी लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली. साडी नेसली, मराठी, हिंदी, संस्कृत शिकली, पुराणं वाचली. महाराष्ट्रातल्या संतांवर तिने पुस्तक लिहिलं. नव्या पदकांचं काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होतं. पुराणांची एवढी जाण असलेल्या या बाईंनाच त्यांनी पदकाचं चित्र काढायला सांगितलं.

सावित्रीबाईंना दधीची ऋषींची गोष्ट आठवली. देवांना असुराला मारायला शस्त्र हवं होतं, तेव्हा दधीचींनी स्वतःचा देह दिला आणि त्यांच्या हाडांपासून इंद्राचं वज्र झालं. दुसऱ्यासाठी आपली हाडं देणारा माणूस, तोच सैनिक. म्हणून परमवीर चक्राच्या मध्ये सिंहमुद्रा आणि भोवती चार वज्रं आहेत. पदक साध्या काशाचं आहे, सोन्याचं नाही, चांदीचं नाही. रुंदीला जेमतेम दीड इंच, वर जांभळी पट्टी. मोडीत घातलं तर त्याचा तांब्यासुद्धा होणार नाही. त्याची किंमत धातूत नाहीच. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र यांची चित्रंही सावित्रीबाईंचीच.

पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळालं, १९४७ च्या काश्मीरच्या लढाईसाठी, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर लागत. आपल्या हाताने काढलेलं पहिलं पदक लेकीच्याच सासरी गेलं. त्याच लढाईतले आणखी एक परमवीर म्हणजे कारवारजवळच्या चेंदिया गावचे रामा राघोबा राणे. ते बॉम्बे सॅपर्समध्ये होते. हे सैन्यातले इंजिनिअर, रस्ते करणारे आणि सुरुंग काढणारे. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, ड्रायव्हरला दोरीने खुणा करत, त्यांनी गोळीबारात रस्ता मोकळा केला. ते जिवंत परतले.

एवढं सगळं कळल्यावर आम्हाला राहवेना. आमची दरवर्षी सहल असते, देहू-आळंदी नाहीतर पंढरपूर. या खेपेला ठरवलं, आळंदीला जाता जाता अर्धा दिवस पुणे कॅम्पातल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात जायचं. १५ ऑगस्ट १९९८ रोजी ते खुलं झालं. लोकांनी दिलेल्या वर्गणीतून ते उभं राहिलंय, हे ऐकून बायकांना विशेष वाटलं. वर्गणी काढणं म्हणजे काय असतं ते आम्हाला ठाऊक!

मावशी आली होती, नातही आली होती. दगडावरच्या नावांपुढे बायका थांबल्या आणि आडनावं वाचायला लागल्या. सावंत, कदम, शिंदे, मोरे, जाधव, चव्हाण. "ह्यो आमच्या भावकीतला असंल काय?" असं एकमेकींना विचारत होत्या. विमानं बघायला पोरं पुढे पळाली. बायका तासभर नावांपाशीच होत्या.

तुम्हाला जायचं असेल तर आणखी दोन ठिकाणं सांगते. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. १९६५ च्या लढाईत पकडलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे तिथे आहेत. बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या केंद्रात पलटणीचं संग्रहालय आहे. ते छावणीच्या आत, म्हणून परवानगीची चौकशी आधी करा आणि सगळ्यांनी आधार कार्ड बरोबर ठेवा.

आता मुद्द्याचं. पदकं जमवणारे शौकीन लोक असतात. मुंबईच्या चोरबाजारात, मोठ्या शहरांतल्या लिलावांत जुनी पदकं विकली जातात. सोनार वजन बघतो, शौकीन माणूस कडा बघतो. कोणत्या पलटणीचं, कुणाचं, सगळी पदकं एकत्र आहेत की फुटकळ, यावर तो किंमत ठरवतो. सोनाराच्या भट्टीपेक्षा अशा माणसाच्या कपाटात पदक जास्त सुरक्षित, हे मी मान्य करते. त्यांनी कित्येक पदकं वितळण्यापासून वाचवली आहेत. पण त्याच्या कपाटातलं नाव म्हणजे त्याच्यासाठी एक नाव. तुमच्या पेटीतलं नाव म्हणजे तुमच्या मुलाचा पणजोबा. आणि एक लक्षात ठेवा. शंभर वर्षं झालेली वस्तू आपल्या कायद्याने पुरातन वस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू कुणाही खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी घाईघाईने, कागदाशिवाय मागत असेल तर सावध राहा.

मी तुम्हाला 'विकूच नका' असं सांगणार नाही. घरात आजारपण असेल, फी भरायची असेल, तर चांदी ही अडीनडीसाठीच असते. बाईनेच घर चालवायचं आणि बाईनेच इतिहासही सांभाळायचा, असं ओझं मी कुणावर टाकणार नाही. पण विकायच्या आधी चार गोष्टी करा.

पहिली, पदक उन्हात धरून कडा वाचा. चांदणी असेल तर मागची बाजू वाचा. अक्षरं लागत नसतील तर शाळेतल्या पोराकडून मोबाईलवर मोठी करून घ्या. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा.

दुसरी, चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर लावून घासू नका. चकाकी येईल आणि नाव जाईल. कोरड्या मऊ कापडाने पुसा. पट्टीचा चिंधीसारखा तुकडा राहिला असेल तर तोही ठेवा. गळ्यात घालायला कडी डाकून घेऊ नका.

तिसरी, सगळं वहीत लिहा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण जशीच्या तशी उतरवा. खाली घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं ते लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. पेन्शनचं पुस्तक, जुनं पत्र, फोटो असेल तर त्याच वहीत ठेवा. पहिल्या दोन महायुद्धांत गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. इंग्रजीत नाव कसंही लिहिलेलं असतं, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधा.

चौथी, घरातलं माणूस स्वातंत्र्यानंतर सैन्यात असेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. विधवांसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी योजना असतात. आपलं पदक आणि कागद बरोबर न्या, लाजू नका.

आता मावशीचं काय झालं ते सांगते. गटाने तिला सहा हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. ती दर महिन्याला हप्ता भरते, एकही चुकला नाही. नात नर्सिंगला आहे. पदक पेटीत आहे, पण आता लुगड्यात नाही, एका डब्यात कापसात ठेवलंय.

आम्ही गटाच्या एका कोऱ्या वहीत तिच्या घराची नोंद केली. पदकावरचं सगळं लिहून झालं. मग मी विचारलं, "आणि आजेसासूबाईंचं नाव?" मावशी गप्प झाली. सासूबाई तिला थोरली आई म्हणायच्या. गावात बसरेकरीण म्हणायचे. नाव कुणालाच माहीत नव्हतं. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांना विचारलं, त्यांनाही नाही. नवऱ्याचं नाव शंभर वर्षांनी सापडलं, कारण ते धातूवर ठोकलेलं होतं. जिने विशीत कुंकू पुसलं, दोन वर्षांचं मूल वाढवलं, भात लावलं, आणि हलाखीतही ती तीन तोळे चांदी विकली नाही, तिचं नाव कुठेच नाही. वहीत तिच्यासाठी एक ओळ सोडली आहे. ती अजून रिकामी आहे. माहेरच्या गावी विचारायला नातीने सुट्टीत जायचं ठरवलंय.

म्हणून, मैत्रिणींनो, माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या बैठकीला येताना घरातली पेटी एकदा उघडा. पदक, बिल्ला, पितळेचं बटण, पट्ट्याचं बक्कल, जे असेल ते घेऊन या. सैनिकाचं नाव तर लिहूच. त्याच्या खाली त्याच्या आईचं आणि बायकोचं नावही लिहू. आजी बसलेली असेल तर आजच विचारा, उद्यावर ढकलू नका. सैन्यात कुणी नसलं तरी चालेल, आजीचं नाव तरी विचाराच.

भेटूया पुढच्या वेळी. तोवर हप्ता वेळेवर भरा आणि कडा वाचा. नमस्कार!